आधी आठवडाभर नुसतं गोळा करू द्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाच वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, पुण्यातलं सोसायटीतलं घर. सुट्टीत मुलांनी मोबाईलवरून उठावं म्हणून तुम्ही त्यांना पानं-बियांच्या वस्तू करायला बसवता. दहा मिनिटांत दोघंही उठून जातात, अर्धवट राहिलेलं घुबड तुम्हीच पूर्ण करता आणि चौथ्या दिवशी ते आकसतं किंवा त्याला बुरशी धरते. म्हणून तुम्ही विचारलंय की सोपे आणि टिकणारे प्रकार कोणते.

प्रकार सांगते. पण तुमची अडचण प्रकारांची आहे असं मला वाटत नाही. तुमच्याकडे क्रम उलटा झालाय. आधी घुबड ठरतं, मग त्याच्यासाठी पानं शोधली जातात, तीही बहुतेक तुम्हीच आणता. मुलांच्या वाट्याला उरतं ते फक्त चिकटवणं. नुसतं चिकटवण्यात मूल दहा मिनिटांपेक्षा जास्त कसं रमेल?

मी बावीस वर्षं मुलांचे उन्हाळी वर्ग घेते आहे. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. घरून पिंपळपानांचा मोर करून नेला, समोर ठेवला आणि म्हटलं, असा करा. अठरांपैकी सतरा मुलांनी सतरा मोर केले, सगळे एकसारखे. एकच मुलगी मोर सोडून कोपऱ्यात बसली होती. गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगा तिने ओळीने मांडल्या होत्या आणि एकेक कानाशी नेऊन हलवत होती. मी रागवायला गेले तर म्हणाली, "बाई, ही बडबडी आहे, ही हळू बोलते आणि ही मुकी." मुकी का, म्हणून आम्ही दोघींनी ती शेंग फोडली. आतल्या बिया किड्यांनी खाऊन टाकल्या होत्या, नुसता भुसा उरला होता. तोवर बाकीची सतरा मुलं मोर टाकून आमच्याभोवती जमली होती. दुसऱ्या दिवसापासून मी नमुना न्यायचा बंद केला.

तेव्हा माझं सांगणं एवढंच: आधी वस्तू हातात येऊ दे, तिच्याशी खेळणं होऊ दे, काय करायचं ते मागून सुचू दे. पहिला आठवडा काहीच बनवू नका. नुसतं गोळा करा.

यात बरंच काही तुम्ही कुठे राहता आणि महिना कुठला आहे त्यावर ठरतं. पुण्याची एप्रिल-मेची कोरडी हवा वाळवणाला उत्तम. कोकणात त्याच दिवसांत हवा दमट असते, तिथे मी प्रत्येक गोष्ट दुप्पट दिवस वाळवते. विदर्भात ऊन इतकं कडक की पान दुपारभर उघड्यावर राहिलं तर हातात चुरा होतो, तिथे सावलीतच वाळवायचं. आणि मृग लागला की सगळीकडे सारखंच, तोवर जे पक्कं वाळलं नाही त्याला बुरशी येणार. तुमच्या घुबडाचं तेच झालं असणार: ओलसर पान, वरून फेव्हिकॉलचा जाड थर आणि लगेच काचेच्या कपाटात.

गोळा करायला सकाळी सात ते नऊ ही वेळ ठेवा. पायात बूट हवेत, आणि पालापाचोळा हाताने नव्हे, काठीने हलवायचा. दगड आणि सुटलेल्या सालीखाली विंचू बसतात, ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं. माझ्या वर्गाचा एक नियम आहे: पडलेलं तेच उचलायचं, झाडावरचं नाही. अपवाद एकाच जागी, तो पुढे सांगते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात गेलात तर पडलेलंही उचलायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथून परवानगीशिवाय काहीही बाहेर आणता येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली सहल नुसत्या डोळ्यांनी करायची.

सोसायटीत काही मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आवाराबाहेरच्या रस्त्यावर एक फेरी मारून पाहा. पावसाळ्याच्या आधी महापालिका फांद्यांची छाटणी करते, त्या ढिगात काय नसतं! माळीकाकांना दोन दिवस आधी सांगून ठेवा. शहाळेवाल्याकडे करवंट्या आणि सोडणं मिळतात. सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात आणि कापूस रस्ताभर उडतो. महोगनीचं फळ तडकून त्याच्या होडीसारख्या जाड फाका खाली पडतात आणि पंखवाल्या बिया गरगरत येतात. शिरीषाच्या पिवळ्या चपट्या शेंगा नुसत्या वाऱ्यानेही वाजत असतात. पुण्यात हे सगळं रस्त्याच्या कडेलाच मिळतं.

घरी आणलं की लगेच डब्यात भरू नका. जुन्या वर्तमानपत्रावर पसरा आणि मुलांना वाटे करायला सांगा. कसे करायचे ते त्यांचं त्यांना ठरवू दे. कोणी रंगावरून करेल, कोणी आवाजावरून. एका मुलाने "नखाने ओरखडा उठतो ते आणि न उठतो ते" असे दोन वाटे केले होते. सुतार लाकडाची परीक्षा अशीच करतो. पुढे तोच मुलगा कोणती बी दाभणाने टोचता येईल ते बिनचूक सांगायचा. नंतर शेंगा आणि बिया चार दिवस उन्हात, पानं सावलीत. शेंगांमधून किडे निघतात, म्हणून मी वाळलेल्या शेंगा पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग डब्यात कडुनिंबाचा वाळका पाला घालते.

आता जरा घाबरवते, पण हे वाचाच. लालचुटूक, काळ्या टोपीची गुंज मुलांना सगळ्यात जास्त आवडते. पूर्वी सोनार तिने सोनं तोलायचे, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. पण ती भयंकर विषारी आहे. अख्खी बी गिळली गेली तर कठीण कवचामुळे बरेचदा तशीच बाहेर पडते. चावली, ठेचली किंवा माळेसाठी भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं. म्हणजे आपण हौसेने जे करायला जातो तेच धोक्याचं. माझ्या वर्गात गुंज नाही. माळ करायचीच असेल तर वैजयंतीचे मणी आणा, त्यांना भोक निसर्गतःच असतं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, एरंड, चंद्रज्योत, धोत्रा यांच्या बियाही नकोत. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. सोनेरी मखमलीसारखी लव असलेली शेंग दिसली तर ती खाजकुइली, तिला काठीही लावायची नाही. रुई आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. बी चावल्याची शंका जरी आली तरी त्रास व्हायची वाट पाहू नका, ती बी बरोबर घेऊन थेट इस्पितळात जा.

हे सगळं इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. कोकणातल्या एका शिबिरात एका मुलाने करवंटीच्या माकडाला डोळे म्हणून ओल्या काजूबिया घेतल्या आणि त्या बसवण्यासाठी दगडाने ठेचल्या. काजूच्या कवचातलं तेल कातडी जाळतं. त्याची तीन बोटं भाजल्यासारखी झाली, साल जायला पंधरा दिवस लागले. लक्ष ठेवणं माझं काम होतं आणि मी दुसऱ्या टोकाला होते. तेव्हापासून ठेचायची, टोचायची, कापायची प्रत्येक गोष्ट एकाच सतरंजीवर होते आणि त्या सतरंजीवर मी बसलेली असते.

तुमच्या लेकीसाठी आणखी एक. पाच वर्षांच्या मुलांच्या नाकात आणि कानात चिंचोके जातात. मुठीत मावून वर थोडं बाहेर दिसेल, एवढ्या मोठ्या वस्तू तिला द्या. सावरीचा कापूसही तिच्या नाकाजवळ नको.

आता करायचं काय? मी पाच-सहा गोष्टी वरवर सांगण्यापेक्षा दोन नीट सांगते, कारण त्यात बाकीच्यांचं तंत्र येऊन जातं.

पहिली, आंब्याची कोय. घरात आंबे येतच असतील. हापूसची कोय त्यामानाने तुळतुळीत, आपल्याला हवा रायवळ, चोखून खायचा, धाग्याधाग्यांचा. खाऊन झाल्यावर कोय नळाखाली नारळाच्या काथ्याने घासायची. गर अजिबात राहता कामा नये, नाहीतर मुंग्या येतात आणि वासही सुटतो. हे घासणं मुलीला द्या, पाण्याचं काम असल्याने ती अर्धा तास हलणार नाही. मग गच्चीत जाळीवर चार-पाच दिवस, रोज उलटीपालटी करून. पूर्ण वाळली की जुना कंगवा द्या आणि विंचरायला सांगा. चिकटलेले धागे सुटे होऊन उभे राहतात आणि बघता बघता हातात पांढऱ्या केसांची म्हातारी येते. कुणाच्या कोयीला दाढी फुटते, कुणाची सिंहाची आयाळ होते. कोणाचं काय झालं ते विंचरल्यावरच कळतं, आधी ठरवता येत नाही, आणि म्हणूनच मुलं सोडत नाहीत. डोळे कोळशाने काढा किंवा मिरे चिकटवा, ते चिकटवणं तुमच्या देखरेखीखाली. पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला कोय बरोबर बसते, निसटत नाही, मोडत नाही. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीची एक आहे, केस अजून शाबूत. क्वचित वाळवलेल्या कोयीला एक गोल भोक पडतं आणि आतून काळपट भुंगा चालत बाहेर येतो. तसं झालं तर तो दिवस भुंग्याचा. काम बाजूला ठेवा, त्याला बघू द्या.

दुसरी गोष्ट मुलासाठी, ज्वारीच्या धाटाची बैलगाडी. मी मंगळवेढ्याकडची. तिकडे काळ्या रानात मालदांडी ज्वारी पिकते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की कडब्याच्या गंजी लागतात आणि उन्हाळाभर पोरांना तेच खेळायला. माझ्या आजोबांनी मला गाडी करायला शिकवली तेव्हा तोंडाने काही सांगितलं नव्हतं. नुसतं एक धाट सोललं आणि दोन्ही भाग माझ्या हातात दिले. बाहेरची साल चिवट, तासलेल्या बांबूसारखी. आतलं भेंड पांढरं, हलकं, बोटाने दाबलं की दबणारं. साल भेंडात खुपसली की रुतून बसते. बस्स, सगळी विद्या एवढीच. डिंक लागत नाही, दोरा लागत नाही, खिळा आणि लाकूड दोन्ही एकाच धाटात आहेत.

मुलाला आधी हे खुपसणंच करू द्या. भेंडाचा दोन इंचांचा तुकडा, खाली सालीच्या चार काड्या, पुढे दोन वाकड्या: बैल झाला. सालीच्या पट्टीला पाण्याचा हात लावला की ती न मोडता वाकते. तिचं वेटोळं करून दोन्ही टोकं भेंडात खोचली की चाक होतं, अशी दोन वेटोळी शेजारी आली की चष्मा होतो. गाडीचा साटा, जू, दांडी हे त्याचं तो शोधेल. एक जपायचं: सालीची कड पात्यासारखी धारदार असते. पहिली दोन-चार धाटं तुम्ही सोला, मग कातरीने कडा बोथट करून द्या. पुण्यात कडबा कुठे मिळेल म्हणाल, तर जवळच्या गोठ्यात जाऊन दहा-बारा धाटं मागा. कोणी नाही म्हणत नाही, आणि मुलांना गोठाही बघायला मिळतो.

नऊ वर्षांच्या मुलाला बैलगाडीनंतर जोडणीची गोडी लागली तर पुढचा टप्पाही आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून त्रिकोण, चौकोन, घरं करायची रीत मुलांमध्ये रुजवली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांसाठीच्या विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं असं काम केलं. मी तेच नारळाच्या हिरांनी करते. चौकोन हाताने दाबला की तिरका होतो आणि त्रिकोण होत नाही, हे मुलाच्या बोटांना पुस्तकाच्या आधी कळतं.

बाकीचं झटपट सांगते. पिंपळपानाची जाळी तुम्हाला माहीत असेलच. गडद हिरवं, निबर पान घ्या, कोवळं फाटतं. इथे माझा अपवाद, हे पान झाडावरून घ्यावं लागतं, तेही माणशी एकच. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा आणि भांड्यावर घट्ट झाकण हवंच, नाहीतर डासांची पैदास होईल. पाणी घाणेरडं वास मारतं, तेव्हा गॅलरीत ठेवा. मग ताटलीत पान पसरून मऊ ब्रशने थोपटत थोपटत गर सोडवायचा. घासायचं नाही. हे नऊ वर्षांच्या मुलालाच जमेल, तेही तिसऱ्या-चौथ्या पानाला.

दाबून ठेवायच्या फुलांत बोगनवेल सगळ्यात इमानदार. तिचा रंगीत भाग मुळातच कागदासारखा असतो, रंग वर्षभर राहतो. मोगरा, चाफा तपकिरी पडतात, त्यांच्या नादी लागू नका. पुस्तकात ठेवलेला कागद दर दोन दिवसांनी बदला, ओल त्या कागदातच राहते आणि बुरशी तिथूनच येते.

आणि टिकण्याचा एवढा आग्रह धरू नका, असंही मला मनापासून सांगायचंय. नारळाच्या ओल्या पातीची पिपाणी संध्याकाळपर्यंतच वाजते. पात सुकली की तिची गुंडाळी सैल पडते आणि आवाज जातो. भिरभिरं दोन दिवस फिरतं. गुलमोहराच्या कळीची हिरवी पाकळी नखावर चिकटवली की तासभर राक्षसाची नखं, त्याच्याच केसरांच्या माना अडकवून कोणाची आधी तुटते ती झुंज, एवढाच त्यांचा जीव. मुलांना त्याचं काही वाटत नाही, उद्या पुन्हा करायला मिळतं. कपाटात ठेवायची ओढ बहुतेक वेळा आपलीच असते.

चिकटवण्याबद्दल: जिथे बांधता, खोचता, ओवता येईल तिथे डिंक नकोच. लागलाच तर गव्हाच्या पिठाची खळ कागदावर पान लावायला पुरते. भोकराच्या फळाचा गरही छान चिकटतो, मे महिन्यात मिळाला तर जरूर द्या, त्या तारा ओढताना मुलं हरखून जातात. बी किंवा लाकूड जोडायला फेव्हिकॉल, पण थेंबभर, आणि रात्रभर हलवायचं नाही.

राहता राहिलं तुमचं स्वतःचं काम. मूल अडलं की आपला हात आपोआप पुढे जातो. मी वर्गात हातात काहीतरी विणकाम किंवा निवडायचे तांदूळ घेऊन बसते, म्हणजे हात गुंतलेले राहतात. मदत मागितली तर "कुठे अडलं?" एवढंच विचारते. निम्म्या वेळा अडचण सांगता सांगता मुलालाच उपाय सापडतो. खरंच जमत नसेल तर शेजारी बसून स्वतःचं वेगळं धाट घेऊन करून दाखवते, त्याच्या वस्तूला हात लावत नाही. आणि ते दहा मिनिटांत उठून गेलं तर जाऊ द्यायचं, फक्त मांडलेलं उचलायचं नाही. जेवण झाल्यावर बहुतेक मुलं पुन्हा त्याच कोपऱ्यात सापडतात. सतरंजीभर जागा सुट्टीपुरती सोडून द्या, घर थोडं पसरलेलं राहील.

या आठवड्यात गोळा करताना कोणकोणती झाडं दिसली ते मुलांकडूनच लिहून घेऊन इथे कळवा. नाव माहीत नसेल तर शेंगेचा किंवा बीचा फोटो टाका. कोणती बी हातात द्यायची आणि कोणती नाही, हे मी प्रत्येकाचं वेगळं सांगेन. तोवर अनोळखी लाल-काळी बी दिसली तर ती वेगळ्या डबीत, घट्ट झाकणाच्या, वरच्या फळीवर.